जमजमचा डबा आणि घरचा आड



गेल्या दोन अंकांत आमचे हे सदर आले नाही. काही वाचकांनी संपादकांकडे चौकशी केली, त्यांचे मनापासून आभार. दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा टाकली आणि आम्ही अम्मांना घेऊन उमऱ्याला गेलो होतो. परत आल्यावर वाटले होते की मक्का-मदिनेवर चार पाने सहज लिहून होतील. पण लिहायला बसलो की सारखे आठवत होते ते आमचे दुधनेकाठचे गाव, अम्मांचे जुने घर आणि त्या घराच्या अंगणातला आड. म्हणून हा महिना त्याच्याबद्दलच लिहितो.

अम्मा सत्तरीच्या आहेत. अब्बांच्या इंतकालनंतर अकरा वर्षे त्या गावातल्या घरात एकट्या राहतात. आम्ही तालुक्याच्या गावी, परतूरला, नोकरीला. मोटारसायकलवर पाऊण तासाचे अंतर. दर जुम्याला जाऊन येतो, औषधे देतो, पीठ-मीठ पाहतो. "अम्मा, आमच्याकडे चला" असे आम्ही दरवेळी म्हणायचो आणि त्या दरवेळी "नक्को बेटा, इधरीच ठीक हूँ" म्हणून विषय संपवायच्या. एवढ्याशा पडक्या घरात असे काय आहे, ते आम्हाला कधी समजले नाही. खरे सांगायचे तर आम्ही कधी विचारलेही नाही.

वाचकांपासून लपवत नाही, उमऱ्याला निघण्याआधी आम्ही त्या घराचा सौदा ठरवला होता. थोरली मुलगी फार्मसीला लागली आहे, फी मोठी आहे. घराची जागा रस्त्यालगत असल्यामुळे गिऱ्हाईक चांगले मिळाले. पन्नास हजार इसार घेतला. घर अब्बांनी हयातीतच आमच्या नावे केले होते, म्हणून अम्मांच्या सहीची गरज नव्हती. मनात हिशेब असा होता, की उमरा झाला की अम्मांचे मन नरम होईल, तेव्हा गोड बोलून सांगू. अम्मांना यातले काहीच माहीत नव्हते. उमऱ्याची नियत बांधताना मनात असा हिशेब घेऊन निघालेला माणूस कसा असतो, ते आम्ही स्वतःवरून सांगतो. तो तस्बीह जास्त फिरवतो आणि आईच्या डोळ्याला डोळा कमी देतो.

आमच्या गावातून पूर्वी हजला जाणारे मुंबईला साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरायचे आणि मोगल लाइनच्या जहाजाने जेद्दा गाठायचे. अम्मांच्या आजोबांची गोष्ट घरात अजून सांगतात. ते 'मोहम्मदी' जहाजाने गेले होते. निघताना त्यांनी सगळ्या गावाची माफी मागितली, कर्ज फेडले, कफन सोबत घेतले आणि सारा गाव स्टेशनपर्यंत पोहोचवायला आला. आठ-दहा दिवस समुद्रावर, परत यायला महिने. 1995 नंतर मुंबईहून हजची जहाजे बंद झाली. आम्ही परतूरहून देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसलो, मुंबईत विमान धरले आणि सुमारे पाच तासांत जेद्द्याला उतरलो. सोय वाढली हे चांगलेच झाले. पण जुन्या लोकांना निघण्यापूर्वी सगळ्यांशी हिशेब साफ करावा लागायचा, त्यात मोठी अक्कल होती, हे आम्हाला पुढे मक्केत कळले.

अम्मांच्या पिशवीत काय होते ते सांगतो. ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा, सुपारीची डबी आणि एक जर्मनचा तांब्या. "अम्मा, तिकडे सगळे मिळते" असे आम्ही म्हटले. त्या म्हणाल्या, "मिळत असेल, पण मला माझ्या तांब्यानं पाणी मापून घ्यायची सवय आहे."

आणि त्या तांब्याने पंधरा दिवस आम्हाला शिकवणी दिली. हॉटेलच्या न्हाणीघरात गरम पाणी येण्याआधी थंड पाण्याची धार वाया जायची. अम्मा ती कचऱ्याच्या रिकाम्या डब्यात धरून ठेवायच्या आणि त्यानेच वुजू करायच्या. आम्ही दात घासताना नळ चालू ठेवला, तर बाहेरून आवाज यायचा, "पानी बंद कर रे!" घरी आमच्याकडे नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते. तेव्हा टाकी, ड्रम, हंडे, पातेली, सगळे भरून ठेवायचे. इथे चोवीस तास पाणी. आम्ही सैल झालो होतो, अम्मा झाल्या नाहीत.

एके रात्री आम्ही त्यांना सांगितले, की या मुलखात बारमाही वाहणारी एकही नदी नाही. समुद्राचे पाणी मोठमोठ्या कारखान्यांत गोडे करतात आणि नळांनी शहरांत आणतात. अम्मा बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हे आपल्याहून गरीब आहेत, पैशानं तेवढे श्रीमंत." आम्ही त्यांना खलिफा हारून रशीद यांच्या बेगम जुबैदा यांची गोष्ट सांगितली. हाजींचे पाण्यावाचून होणारे हाल पाहून त्यांनी मक्केसाठी डोंगरांतून नहर खोदवून घेतली आणि तिचे नाव आजही 'नहर-ए-जुबैदा' म्हणून घेतले जाते. अम्मांना लगेच औरंगाबादची आठवण झाली. लग्नानंतर अब्बांनी त्यांना पाणचक्की दाखवायला नेले होते. मलिक अंबरने सतराव्या शतकात त्या शहरात नहरीने पाणी आणले, हे आम्ही वर्गात शिकवतो. अम्मा शाळेत गेल्या नाहीत, पण म्हणाल्या, "पाणी आणणाऱ्याचं नाव राहतं बेटा. घरं बांधणाऱ्याचं कोण घेतं?" घर हा शब्द ऐकून आम्ही चादर डोक्यावर ओढून घेतली.

आता सईबद्दल. तवाफ अम्मांनी व्हीलचेअरवर केला, कारण गुडघे अजिबात चालत नाहीत. सफा-मरवासाठीही व्हीलचेअरची वेगळी वाट आहे, आम्ही खुर्ची तिकडे वळवली. तर अम्मा उतरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हाजराबी पायानं धावल्या. मी बसून कशी जाऊ?" आम्ही समजावले, की आजारी आणि वृद्धांना सवलत आहे, दीनमध्ये सक्ती नाही, सात फेऱ्या मिळून सुमारे तीन किलोमीटर होतात. त्या म्हणाल्या, "सवलत तू घे."

हजरत हाजरा (अलै.) यांची हकीकत आपल्या घराघरांत लहान मुलांनाही ठाऊक आहे. हजरत इब्राहीम (अलै.) यांनी अल्लाहच्या हुकमाने त्यांना आणि तान्ह्या इस्माईल (अलै.) यांना त्या ओसाड खोऱ्यात सोडले. पखालीतले पाणी संपले. बाळ तहानेने तळमळू लागले. आई एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर जात होती, कुणी दिसते का, कुठे पाणी आहे का. आज तिथे संगमरवर आहे, थंड हवा आहे, छप्पर आहे. मधल्या टप्प्यात हिरवे दिवे लावले आहेत, तेवढ्या भागात पुरुष झपाट्याने चालतात. तिथे खोलगट जमीन होती, तिथून बाळ नजरेआड व्हायचे, म्हणून माई धावत ती जागा पार करायच्या, असे सांगतात. बायकांनी तिथे धावायचे नसते. पण हिरवे दिवे आले की अम्मा आमचा हात घट्ट धरून पाय उचलायच्या. पहिल्या फेरीत उचलले, दुसऱ्या फेरीतही. आम्ही म्हटले, "अम्मा, सावकाश, तुम्हाला धावायचे नाही." त्यांनी ऐकले नाही.

पाचव्या फेरीनंतर मरवावर त्या भिंतीला टेकून बसल्या. आम्ही जमजमचा पेला आणून दिला. पेला हातात धरून त्या बराच वेळ नुसत्या पाहत राहिल्या आणि मग दखनीत बोलू लागल्या. आम्ही मराठीत सांगतो.

आमच्याआधी घरात एक मुलगा झाला आणि गेला, एवढे आम्हाला माहीत होते. कसा गेला, हे कधी कानावर आले नव्हते. 1972 चा दुष्काळ. अम्मांचे वय सतरा-अठरा. अब्बा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. रेशनला लाल मिलो मिळायचा, मुलांना सुकडी मिळायची. अंगणातला आड आटला होता. गावच्या विहिरीला तळाशी खड्डा होता, त्यात झिरपेल तेवढे पाणी. बायका एकेक करून खाली उतरायच्या आणि वाटीने पाणी भरायच्या. एका घागरीला दोन-तीन तास. बाळ सात महिन्यांचे होते, त्याला हगवण लागली होती. अम्मा त्याला काठावर एका म्हातारीच्या मांडीवर ठेवून खाली उतरायच्या. खाली गेले की बाळ दिसायचे नाही, फक्त रडणे ऐकू यायचे. एके दिवशी खाली असतानाच रडणे थांबले. वाटले, झोपले असेल. घागर अर्धी झाली होती, म्हणून त्या पूर्ण भरेपर्यंत थांबल्या.

"हाजराबींना पाणी मिळालं," अम्मा म्हणाल्या, "मला पण मिळालं होतं बेटा. पूर्ण घागर मिळाली होती."

आम्ही शिक्षक माणूस, बोलण्यावर पोट आहे. त्या क्षणी आमच्याकडे एकही शब्द नव्हता. थोड्या वेळाने अम्मा आपणच उठल्या आणि उरलेल्या दोन फेऱ्या चालून पुऱ्या केल्या. हिरव्या दिव्यांपाशी आम्ही पुन्हा "सावकाश" म्हटले नाही.

त्या बाळाची कबर आमच्या घराच्या मागच्या बाजूला असलेल्या कब्रस्तानात आहे. परसदारी उभे राहिले की लिंबाचे झाड दिसते, त्याच्याखाली. पन्नासहून अधिक वर्षे अम्मा फजरनंतर परसात उभ्या राहून फातिहा पढतात, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो होतो. सगळ्या मय्यतींसाठी पढतात, असे समजत होतो. आणि आम्ही ते परस पन्नास हजार इसारात देऊन बसलो होतो.

त्या रात्री हॉटेलात आम्ही अम्मांना सौद्याची गोष्ट सांगितली. वाटले होते, रडतील किंवा रागावतील. त्या एवढेच म्हणाल्या, "आमच्या आजोबांनी निघण्याआधी माफी मागितली होती. तू पोचल्यावर मागतोयस. चल, हेही ठीक." आणि कूस वळवून झोपल्या. आम्हाला झोप आली नाही.

पुढे मदिन्याला गेलो. मक्केहून साधारण साडेचारशे किलोमीटर, बसने. मस्जिद-ए-नबवीच्या आवारात मोठ्या छत्र्या आहेत, एकूण अडीचशे. दिवसा उघडतात, संध्याकाळी मिटतात. अम्मा त्याकडे लहान मुलासारख्या पाहत बसायच्या. बायकांची नमाजची जागा वेगळी, त्यामुळे आम्ही त्यांना दाराशी सोडायचो आणि त्याच दाराशी भेटायचे ठरवायचो. दुसऱ्या दिवशी असरनंतर अम्मा दाराशी नव्हत्या. अर्धा तास झाला, तास झाला. अम्मांना वाचता येत नाही, मोबाईल हॉटेलात राहिलेला. आम्ही प्रत्येक दार पालथे घातले, पहारेकऱ्यांशी मोडक्या अरबीत बोललो, दुरूद पढत पळत राहिलो. त्या दोन तासांत एकच गोष्ट डोक्यात होती. गावातल्या घरी अम्मा अकरा वर्षे एकट्या आहेत, रात्री पडल्या तर कुणाला कळणार, ही काळजी आम्ही जुम्याच्या फेरीत गुंडाळून ठेवली होती. त्या परदेशात दोन तास दिसल्या नाहीत, तर आमचा जीव जात होता.

शेवटी भिंतीलगत पाच-सहा बायकांच्या घोळक्यात त्या सापडल्या. आरामात सुपारी कातरत होत्या. त्या बायका सेलूच्या होत्या. झाले असे, की अम्मा चुकून दुसऱ्या दाराने बाहेर पडल्या आणि घाबरून स्वतःशीच "या अल्लाह, आता कुठं जाऊ गं बाई" असे मराठीत बोलल्या. मागून आवाज आला, "मावशी, कुठल्या तुम्ही?" अम्मांनी परतूर म्हणताच ती बाई म्हणाली, "अगं बाई, आम्ही तर सेलूचे! पुढचंच मोठं स्टेशन!" जगभरच्या लोकांच्या त्या समुद्रात अम्मांना त्यांची रेल्वे लाइन सापडली. आमच्या उर्दू शाळेतली मुले विचारतात, "सर, मराठी कशाला शिकायची?" आता आमच्याकडे उत्तर आहे.

परतीच्या विमानात सीलबंद पाच लिटर जमजमचा डबा मिळाला. मुंबईहून रेल्वेने निघालो. पहाटे डोळे उघडले तेव्हा गाडी जालन्याच्या अलीकडे होती. कापसाची बोंडे फुटलेली रानं, तुरीचा पिवळा फुलोरा, काळी जमीन. अम्मा खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. जालना स्टेशनात आम्ही मोसंबी घेतली. जन्म याच जिल्ह्यात गेला, पण मोसंबीचा तो वास आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा घेतल्यासारखा घेतला.

घरी आल्यावर देश सुंदर दिसतो, असे प्रवासाहून आलेले सगळेच म्हणतात. आम्हाला तो सुंदरच दिसला असे नाही. नळाला त्याही आठवड्यात पाणी नव्हते. स्टेशनबाहेर खड्डे तसेच होते. पण गावात रिक्षा थांबली, तेव्हा शेजारच्या काकू हातातले काम टाकून आल्या, अम्मांच्या पायाला हात लावला आणि म्हणाल्या, "मक्केचं पाणी दे मला घोटभर." त्यांच्या सासूबाईंच्याच मांडीवर 72 साली ते बाळ ठेवलेले असायचे, हे आम्हाला आता माहीत होते. पंधरा दिवस अम्मांच्या कोंबड्या त्यांनीच सांभाळल्या होत्या. अम्मा गावात एकट्या राहतात, असे आम्ही इतकी वर्षे सांगत आलो. एकट्या त्या नव्हत्याच. एकटे आम्ही होतो, परतूरच्या कॉलनीत, जिथे समोरच्या घरातल्या माणसाचे नाव आम्हाला सांगता येत नाही.

अम्मांनी छोट्या वाट्यांत जमजम सगळ्यांना वाटले. शेवटी एक पेला उरला. तो घेऊन त्या आडाजवळ गेल्या, बिस्मिल्लाह म्हटले आणि आत ओतला. आम्ही विचारले, याने काय होईल? त्या म्हणाल्या, "होणार काही नाही. आड तहानलेला होता तेव्हा मी त्याला लय शिव्या दिल्या होत्या. आज फिटले." मग परसदारी जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांच्या शेजारी आम्हीही उभे राहिलो.

सौदा मोडला. इसाराचे पन्नास हजार परत केले आणि गिऱ्हाइकाची नाराजी पदरात घेतली, चूक आमचीच होती. मुलीच्या फीसाठी पतसंस्थेतून कर्ज काढले आहे, हप्ता पगारातून जातो. मुलांची अम्मी दोन दिवस बोलली नाही. तिचेही खरे आहे, महिन्याचा हिशेब तीच जुळवते. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, की आता शनिवार-रविवार सगळेच गावी राहू, पोरांनाही आजीजवळ बसू द्या. आता तसे चालू आहे. घराची एक भिंत पडली होती, ती बांधून घेतली. मोठे काही केले नाही.

आडाचेही मनावर घेतले आहे. 2012-13 च्या दुष्काळात जालना शहर टँकरवर जगत होते, हे आपण विसरलो नाही. त्याच जिल्ह्यात लोकांनी वर्गणी काढून निजामाच्या काळातल्या घाणेवाडी तलावाचा गाळ उपसला आणि कडवंचीच्या शेतकऱ्यांनी बांधबंदिस्ती व शेततळी करून कोरडवाहू रानात द्राक्षे पिकवली, हेही आपण पाहिले. आम्ही छपराच्या पावसाचे पाणी नळीने, वाळू-खडीच्या गाळणीतून आडात सोडायची सोय पावसाळ्याआधी करणार आहोत. आमच्या मस्जिदीच्या वुजूखान्याचे पाणी गटारात जाते, ते झाडांना देता येईल का, हेही जमातीत बोललो आहोत. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी उधळू नये, ही आपल्या प्रेषितांची (स.) शिकवण आहे. ती पाळायला आपल्याकडे नदी असायची वाट कशाला पाहायची?

ज्यांचे आई-वडील हयात आहेत आणि ज्यांना अल्लाहने ऐपत दिली आहे, त्यांनी त्यांना जरूर घेऊन जावे. त्यांच्या गळ्यात हॉटेलचे नाव, आपला फोन नंबर असलेली पट्टी पहिल्या दिवसापासून घालावी, ही चूक आम्ही केली. जेवणात थोडी घरची चटणी असू द्यावी. आणि निघण्याआधी त्यांच्यापासून काही लपवले असेल, तर ते घराच्या उंबरठ्यातच सांगून टाकावे. ज्यांना जायची ऐपत नाही, त्यांनी या जुम्याला आईजवळ नेहमीपेक्षा तासभर जास्त बसावे आणि 72 साली ती कुठे होती, एवढेच विचारावे.

अल्लाह आपल्या सगळ्यांच्या आई-वडिलांवर, हयात आणि मरहूम, रहम करो. त्या सात महिन्यांच्या भावालाही आपल्या दुआत आठवा. त्याचे नाव इस्माईल होते. ते आम्हाला अम्मांनी विमानात सांगितले.